शिक्का मारणारे, शिक्का खरवडणारे

मुंबईत हापूस घेताना जुनी गिऱ्हाइकं पेटीतला आंबा नंतर बघतात, आधी आंब्याखालची रद्दी बघतात. पेपर रत्नागिरीच्या आवृत्तीचा असला, तारीख चार-सहा दिवसांपूर्वीची असली की मान डोलते. कानडी अक्षरं दिसली की पेटी परत ढकलली जाते. ही तपासणी कच्ची आहे, कारण ती विकणाऱ्यालाही ठाऊक आहे. रत्नागिरीची रद्दी किलोवर मिळते. ‘देवगड हापूस’ छापलेला पुठ्ठ्याचा खोका तर त्याहून सहज मिळतो, आणि तो घ्यायला देवगडात एक कलमसुद्धा असावं लागत नाही. धारवाडकडचा आंबा वाटेत खोका बदलतो आणि वाशीच्या बाजारात उतरतो तो कोकणी होऊन.

स्मृतिव्याख्यानासाठी आंबा आणि गूळ हा विषय काहींना हलका वाटेल. पण ज्या समाजात लग्नाची बोलणी करताना ‘मूळ गाव कुठलं’ हा प्रश्न अजून पहिल्या पाचांत येतो, त्या समाजाने खाण्याच्या वस्तूला तोच प्रश्न विचारला तर नवल नाही. नवल हे, की माणसाच्या बाबतीत चार ठिकाणी चौकशी करणारे आपण वस्तूच्या बाबतीत खोक्यावरच्या छपाईवर विसंबतो.

एखाद्या तुपाच्या किंवा मसाल्याच्या पाकिटावर हल्ली इतके शिक्के असतात की मजकुराला जागा उरत नाही. त्यातल्या तिघांची गल्लत नेहमी होते. एक अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना. तो एवढंच सांगतो की माल बनवणारा नोंदलेला आहे आणि कायद्याच्या चौकटीत आहे. दुसरा ‘अॅगमार्क’. त्याचा कायदा १९३७ सालचा. ब्रिटिश सरकारचे तेव्हाचे शेतमाल पणन सल्लागार आर्चिबाल्ड लिव्हिंग्स्टन यांच्या खटपटीतून तो आला, आणि त्याची मध्यवर्ती प्रयोगशाळा नागपुरात आहे. अॅगमार्क प्रत सांगतो: तुपात भेसळ नाही, हळदीत ओलावा अमुक टक्क्यांच्या आत आहे. हळद सांगलीची की निजामाबादची, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तिसरा भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे ज्याला गावोगाव आता सरळ ‘जीआय’ म्हणतात तो. हा गाव सांगतो. मालाला गावामुळे गुण आला, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. पण आज हातात असलेल्या नगात तो गुण उतरला आहे का, हे त्या शिक्क्याने कुणी तपासलेलं असेलच असं नाही.

हे ‘असेलच असं नाही’ नेमकं कुठून आलं, ते बघण्यासारखं आहे.

भारताचा भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराने तो करणं भाग पडलं. त्यातच अमेरिकेतल्या राइसटेक कंपनीने १९९७ मध्ये बासमतीच्या वाणांवर पेटंट मिळवलं होतं, त्या धक्क्याने दिल्लीतल्या फायली जरा लवकर हलल्या. नोंदणी कार्यालय चेन्नईत थाटलं. पहिली नोंद दार्जिलिंग चहाची झाली. महाराष्ट्राने सुरुवात सोलापूरच्या चादरीने केली, पुढे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली, नागपूरचं संत्रं आलं. २०१६ मध्ये तर एकदमच पूर आला: लासलगावचा कांदा, सांगलीचे बेदाणे, जळगावची केळी आणि भरिताची वांगी, मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ, कोरेगावचा वाघ्या घेवडा, भिवापूरची मिरची, वायगावची हळद, पुरंदरचं अंजीर, घोलवडचा चिकू. ही यादी वाचताना ऊर भरून येतो. आंबेमोहरही तीत आहे. आणि पुण्यात ‘आंबेमोहर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तांदळाचा मोठा भाग आंध्र आणि मध्य प्रदेशातून येणाऱ्या जिरे-शंकर जातीचा असतो, हे व्यापारी खासगीत कबूल करतात. हल्ली तर ते खासगीतही राहिलेलं नाही.

या कायद्याच्या २००२ सालच्या नियमांत नोंदणीच्या अर्जाबरोबर काय काय जोडायचं याची यादी आहे. मालाचं वर्णन हवं, नकाशा हवा, इतिहासाचे पुरावे हवेत, उत्पादनाची पद्धत हवी. शेवटाशेवटाला तपासणी यंत्रणेचा तपशील मागितला आहे आणि त्यापुढे एक शब्द आहे: ‘असल्यास’. तपासणी यंत्रणा, असल्यास. सरकारी भाषेत असे शब्द सहज पडतात. पण गेल्या वीस वर्षांत या क्षेत्रात जे झालं आणि जे झालं नाही, त्यातलं बरंचसं या एका शब्दात मावतं. अर्जाच्या कागदावर दहा-बारा जणांची समिती दाखवली जाते: एक कृषी विद्यापीठाचे प्राध्यापक, एक जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, संस्थेचे अध्यक्ष, एखादा व्यापारी प्रतिनिधी. प्रमाणपत्र मिळतं, हार-तुरे होतात, फोटो छापून येतो. त्यानंतर ती समिती बाजारात जाऊन पेटी उघडते का, हे विचारायला कुणी येत नाही.

पार्मात नेमकं उलट आहे.

उत्तर इटलीत पार्मिजानो रेज्जानो नावाचं चीज होतं. पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना हे प्रांत, शिवाय बोलोन्याचा रेनो नदीच्या डावीकडचा आणि मांतोव्याचा पो नदीच्या उजवीकडचा भाग, एवढीच त्याची हद्द. हद्द सांगायला नद्या वापरल्या आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पुढे ते कामाला येईल. गायींना सायलेज, म्हणजे खड्ड्यात मुरवलेली हिरवी वैरण घालायला तिथे बंदी. कारण आंधळ्या परंपरेचं नाही. मुरवलेल्या वैरणीतून काही जिवाणूंची बीजं दुधात उतरतात, चीज मुरत असताना त्यांच्यामुळे आत वायू धरतो आणि चक्राला पोकळ्या किंवा भेगा पडतात. साडेपाचशे लिटरच्या आसपास दुधातून एक चक्र होतं, वजन सुमारे चाळीस किलो. ते साच्यात असतानाच कडेभोवती ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटवतात, दुग्धालयाचा क्रमांक, महिना, वर्ष घालतात. म्हणजे नाव जन्मतःच मिळतं. पण ते पक्कं झालेलं नसतं.

बारा महिने ते चक्र लाकडी फळीवर मुरतं. मग उत्पादकांच्या संघाचा माणूस येतो. हा संघ १९३४ पासून चालत आलेला आहे. त्या माणसाच्या हातात एक छोटी हातोडी असते. तो चक्र फिरवत ठिकठिकाणी टकटक करतो आणि कान लावतो. आवाज सगळीकडे सारखा भरीव आला तर चक्रावर तापल्या लोखंडाने अंडाकृती शिक्का बसतो. कुठे पोकळ वाजलं, तर दोष किरकोळ असल्यास कडेभोवती समांतर रेघा ओढतात, म्हणजे हे दुय्यम आहे, लवकर खाऊन टाका. आणि दोष मोठा असेल तर यंत्र लावून कडेवरचे ठिपके खरवडून काढतात. पार्मात जन्मलेलं, पार्माच्याच गायीच्या दुधाचं, वर्षभर सांभाळलेलं चीज त्या दिवशी निनावी होतं. विकता येतं, पण साधं चीज म्हणून.

परक्याने नाव वापरलं तर त्याला कोर्टात खेचायला कुणीही तयार होतो. त्यांनीही खेचलं आहे; ‘पार्मेझान’ हे नाव म्हणजे आमच्याच नावाची नक्कल, असं त्यांचं म्हणणं युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये उचलून धरलं. खरा मुद्दा दुसऱ्या कामाचा आहे. शेजारच्या दुग्धालयाचं, कदाचित मेहुण्याच्या दुग्धालयाचं चक्र पोकळ वाजलं तर त्याच्यावरचं नाव खरवडायचं. आपल्याकडे शिक्का मारणाऱ्या हातांची कधीच वाण नव्हती. खरवडणारे हात कुठे आहेत, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

यावर कुणी म्हणेल की युरोपचं युरोपपाशी, त्यांना शिस्त उपजतच असते. तसं नाही. ही शिस्त भांडणांतून आली, आणि भांडणं साधी नव्हती. फ्रान्समधल्या शांपेन प्रांतात १९११ च्या जानेवारीत मार्न खोऱ्यातल्या द्राक्ष बागायतदारांनी व्यापाऱ्यांच्या गाड्या अडवल्या, पिंपं फोडली, वाइन रस्त्यावर नि नदीत ओतली. तक्रार काय, तर व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षं आणतात आणि शांपेन म्हणून विकतात. वाशीत पेटी बदलण्याचीच गोष्ट. सरकारने १९०८ मध्येच हद्द आखून दिली होती, पण तीत दक्षिणेचा ओब जिल्हा वगळला होता. मग ओबचे बागायतदार उठले, की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शांपेनला द्राक्षं देतो, आता आम्ही परके कसे झालो? सरकार त्यांच्यापुढे नमायला लागलं म्हणताच एप्रिलमध्ये मार्नवाल्यांनी आई गावातली व्यापाऱ्यांची कोठारं पेटवली. लष्कर आणावं लागलं. ओबला आधी ‘दुसऱ्या विभागा’चा दर्जा दिला, आणि पूर्ण मान मिळायला १९२७ उजाडलं. फ्रान्सचा सुप्रसिद्ध नामनियंत्रणाचा कायदा १९३५ चा, म्हणजे त्याच्याही पुढचा. कायदा भांडणाच्या मागून आला. आपल्याकडे कायदा आधी आला आणि भांडण आता कुठे सुरू होतं आहे.

कोकणात ते सुरू झालं आहे.

हापूस हे नावच मुळात बाहेरचं. गोव्यात पोर्तुगीजांनी आंब्यावर कलमाची कला रुजवली, आणि अफोंसो द आल्बुकेर्कच्या नावावरून ‘आफोंस’चा अफूस, अफूसचा हापूस झाला. गोवेकरांनी मात्र आपलं मन मानकुरादला दिलं. मानकुरादही पोर्तुगीजांनी नावं ठेवलेलाच आंबा, ‘मालकोरादो’ म्हणजे रंगाने बेतास बात. त्याला २०२३ मध्ये मानांकन मिळालं. हापूस कोकणात चढला आणि तिथल्या कातळाने, खाऱ्या वाऱ्याने तो आपलासा केला. पातळ साल, केशरी गर, आणि पेटी उघडल्यावर शेजाऱ्याला कळेल असा वास. तीच कलमं कर्नाटकात लावली तर आंबा गोड येतो, दिसायलाही देखणा असतो, पण साल जाड होते आणि वास घरातल्या घरात राहतो. आफ्रिकेतल्या मलावीतही हापूस लागतो आणि दिवाळीनंतर तो वाशीत येतो. निदान तो मलावीचाच म्हणून विकतात, एवढा प्रामाणिकपणा त्यात आहे.

मानांकनासाठी रत्नागिरी आणि देवगड यांनी वेगवेगळा आग्रह धरला. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ मध्ये होतं. अनेक वर्षं कागद फिरले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘हापूस’ हे एकच नाव सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना मिळून मिळालं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये देशभरच्या मानांकित मालासाठी एक सामाईक बोधचिन्ह जाहीर झालं. ते जाहीर करणारे तेव्हाचे वाणिज्यमंत्री सुरेश प्रभू, कोकणचेच. देवगडकर आजही म्हणतात, पालघरचा आणि आमचा आंबा एका नावात बसवला म्हणजे आमचं वेगळेपण गेलं. पालघरकर म्हणतात, वगळलं असतं तर? म्हणजे मार्न आणि ओबच. आता गुजरातेतून ‘वलसाड हापूस’ असा अर्ज झाला आहे, जुन्नरकडून ‘शिवनेरी हापूस’ पुढे आला आहे, आणि कोकणात बैठकांवर बैठका होत आहेत.

इथे त्या इटालियन नद्या आठवतात. आपल्या मानांकनांच्या हद्दी बहुधा जिल्ह्याच्या हद्दी असतात. जिल्हा ही महसुलाची सोय आहे. मातीला ती कळत नाही. पालघर जिल्हा तर २०१४ साली जन्माला आला, तिथली कलमं त्याच्या कितीतरी आधीची आहेत. मालाच्या गुणाला कातळ कारणीभूत असेल तर कातळाची रेघ आखायला हवी, समुद्राचा वारा कारणीभूत असेल तर किनाऱ्यापासूनचं अंतर मोजायला हवं. ते काम चिकाटीचं आहे आणि त्यात गावातली अर्धी वाडी आत, अर्धी बाहेर जाते. जिल्हा घेतला की कुणी दुखावत नाही. कुणी दुखावणार नाही अशा बेताने आखलेली रेघ कुणाचं रक्षणही करत नाही, ते वेगळं.

कायद्यात शिक्षा नाही असं नव्हे. खोटं मानांकन वापरलं तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद. दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. जप्तीचा अधिकार पोलीस उपअधीक्षक आणि वरच्यांना. मात्र छापा घालण्याआधी त्या अधिकाऱ्याने चेन्नईच्या निबंधकांचं मत घ्यायचं आणि त्या मताप्रमाणेच वागायचं, अशी अट आहे. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांसाठी ही अट शोभेल. आंबा अढीतून काढल्यावर आठवडा टिकतो. चेन्नईचं पत्र येईपर्यंत पुराव्याचा आमरस झालेला असेल.

दुसरी अडचण कमी मजेदार आणि जास्त खरी आहे. नाव संस्थेच्या नावावर नोंदलं जातं. पण प्रत्येक बागायतदाराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची वेगळी नोंद करायची असते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तिचं शुल्क दहा रुपये आहे. दहा रुपये. तरी नोंद करणारे बागायतदार एकूण बागायतदारांच्या मानाने थोडेच. आळस म्हणून ते सोडून देता येत नाही. ज्याची बाग मोहरालाच व्यापाऱ्याला दिलेली असते, त्याच्या आंब्याची पेटी व्यापारी भरतो, खोका व्यापाऱ्याचा, नाव व्यापाऱ्याचं. बागायतदाराच्या हाती सातबारा असतो, पेटी नसते. त्याने दहा रुपये भरून काय करायचं?

आता गुळाकडे. आंब्यात फसवणूक गावाची आहे. गुळात गाव आणि गुण एकमेकांच्या अंगावर उठले आहेत, म्हणून इथे जरा थांबावं.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. पंचगंगेच्या खोऱ्यातली गाळाची जमीन, त्यातला ऊस, आणि पिढीजात गुळव्ये. तिथलं ऊस आणि गूळ संशोधन केंद्र महाराष्ट्राबाहेरही माहीत आहे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये मानांकन मिळालं, ते बाजार समितीच्या नावे.

गुऱ्हाळात पहाटेच चुलवाण पेटतं. जळण उसाच्या वाळल्या चिपाडाचं. घाण्यातून येणारा रस काहिलीत पडतो, तापू लागतो, आणि चुन्याची निवळी घातली की कडेकडेने हिरवट-काळी मळी फुगून वर येते. इथे भेंडी लागते. भाजीची नव्हे, रानभेंडीचं झाड. त्याचे देठ-खोड ठेचून पाण्यात कुस्करले की बुळबुळीत चीक सुटतो. तो चीक काहिलीत गेला की बारीकसारीक घाण त्याला बिलगून वर येते आणि झाऱ्याने निपटून काढता येते. मग रस उकळतो, फेस चढतो, काकवीची पायरी मागे पडते, फुटणारे बुडबुडे मोठे आणि आळशी होत जातात. गुळव्या पळीभर पाक थंड पाण्यात सोडतो आणि बोटांत गोळी वळते का बघतो. तापमापी लावली तर ती तेव्हा ११८ अंशांच्या आगेमागे असते. गुळव्याला तापमापी लागत नाही, आणि त्याच्या बोटांवर गुऱ्हाळमालकाचं वर्ष अवलंबून असतं. पाव मिनिट इकडेतिकडे झालं की गूळ एकतर चिकट राहतो नाहीतर जळकट होतो. काहील उतरते, पाक वाफ्यात ओततात, घोटतात, फडकं घातलेल्या साच्यांत भरतात. तीस किलोचा रवा निघतो, किंवा बाजाराची मागणी तशी असेल तर किलोच्या भेल्या.

हा गूळ कोणत्या रंगाचा होतो? तांबूस-तपकिरी, कधी सोनेरीकडे झुकणारा. जमीन, उसाची जात, लागण की खोडवा, खताचा हात किती सैल, यांवर ते ठरतं. रासायनिक खत बेसुमार पडलेल्या किंवा क्षारपड शेतातला ऊस असला तर गूळ काळपट आणि चवीला खारट उतरतो. म्हणजे रंग ही एके काळी खरीच खूण होती. उजळ गूळ म्हणजे चांगल्या जमिनीतला ऊस, नीट काढलेली मळी, न करपलेला पाक. व्यापाऱ्याने रंग बघून सौदा केला तर तो गुणाचाच सौदा होता.

मग त्या खुणेची किंमत वाढली. कोल्हापुरी गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात, आणि तिकडे मागणी पिवळ्याधमक गुळाला. सौद्यात उजळ रव्याला चढा दर लागतो हे दिसल्यावर गुऱ्हाळात एक पांढरी पूड आली. तिला तिथे ‘हायड्रॉस’ म्हणतात. कापड उद्योगात रंग उडवायला वापरतात ते सोडियम हायड्रोसल्फाइट. चिमटीने पडायची तिथे मुठीने पडू लागली. जळका, खारट, कसाही गूळ चार दिवस सोन्यासारखा दिसतो. काही आठवड्यांत तो पुन्हा काळवंडतो, पण तोवर तो सुरतेच्या गोदामात पोचलेला असतो. साखर स्वस्त झाली की तीही काहिलीत जाते. त्याने रवा घट्ट होतो आणि उजळतोही.

गुऱ्हाळवाल्याला यात खलनायक ठरवणं सोपं आहे. त्याला विचारलं तर तो शांतपणे सांगतो, ‘घरच्याला पूड घालत नाही. घरच्या काहिलीला फक्त भेंडी.’ त्याला गुण कळत नाही असं कोण म्हणेल? त्याला दोन्ही कळतं, गुण काय आणि दर कशाला आहे ते. बिनपुडीचा तपकिरी रवा सौद्यात ठेवला तर त्याची बोली खाली राहते, आणि त्याच्या शेजारी पिवळा रवा वर चढतो. दोघांवरही कोल्हापूरचंच नाव. मानांकनाने दोघांनाही सारखंच राखलं, कारण दोघंही कोल्हापूरचेच आहेत.

शिवाय कर्नाटकातला गूळ आहेच. सीमेपलीकडून गाड्या येतात, त्या गुळावर कोल्हापूरचं लेबल लागतं, यावरून बाजारात आंदोलनं झाली आहेत. ती तक्रार न्याय्य आहे. पण तिच्यात एक पेच आहे. वेदगंगा, दूधगंगा या नद्या कागलवरून निपाणीकडे जातात आणि वाटेत १९५६ ची राज्यसीमा ओलांडतात. निपाणीच्या बांधावरचा ऊस कागलच्या बांधावरच्या उसापेक्षा वेगळा कसा, हे मातीच्या अंगाने सांगणं कठीण आहे. कोल्हापुरी चपलेने हा पेच सोडवला: २०१९ मध्ये महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे मिळून तिला मानांकन मिळालं. चामड्याला जमलं ते गुळाला का जमू नये? जमणार नाही, कारण गुळामागे सीमाप्रश्न आहे आणि बाजार समितीचं अर्थकारण आहे. नाव राखायचं असेल तर काही गाड्या परत पाठवाव्या लागतात. आवक वाढवायची असेल तर एकही गाडी परत पाठवून चालत नाही. ही दोन्ही कामं एकाच संस्थेवर सोपवली, तर दुसरं काम पहिल्याला रोज थोडं थोडं खाणार, यात कुणा व्यक्तीचा दोष काढण्याचं कारण नाही.

युरोपात नोंदणीचे दोन वर्ग आहेत. एकात कच्च्या मालापासून तयार मालापर्यंत सगळं त्याच प्रदेशात व्हावं लागतं; दुसऱ्यात एखादी पायरी तिथे झाली तरी चालते. आपल्या कायद्यात अशी प्रतवारी नाही. त्यामुळे मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत, निव्वळ मुरलेल्या ओलीवर येणारी मालदांडी ज्वारी आणि कारखान्यात रांधलेली एखादी मिठाई या दोन्ही एकाच शिक्क्याखाली येतात. दोन्हीत ‘गाव’ या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे. दार्जिलिंगचा चहा २०११ मध्ये युरोपात नोंदला गेला तो या दुसऱ्या, सैल वर्गात. घरी मात्र चहा मंडळ कोलकात्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलातल्या ‘दार्जिलिंग लाउंज’ या नावाविरुद्ध बरीच वर्षं कोर्टात लढलं आणि हरलं. मानांकन मालापुरतं असतं, बैठकीच्या खोलीपुरतं नसतं, असं ठरलं. तेवढ्या काळात नेपाळचा चहा दार्जिलिंगच्या नावाने विकला जातच होता.

मग आपल्याकडे काहीच हललेलं नाही का? देवगडात हललं आहे.

देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक आंब्यावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर लावायला सुरुवात केली. खोक्यावर नव्हे, फळावर. कारण खोका बदलतो. स्टिकरचा फोटो काढून दिलेल्या क्रमांकावर व्हॉट्सअॅप केला की उलट विचारणा येते, स्टिकर सोलून त्याच्या मागचा आकडा कळवा. पुढचा आणि मागचा आकडा जुळला तर बागायतदाराचं नाव-गाव कळतं. सोललेला स्टिकर पुन्हा दुसऱ्या आंब्यावर लावता येत नाही. स्टिकर बागायतदाराला हवे तितके मिळत नाहीत, त्याच्या कलमांच्या हिशेबाने मिळतात. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची आहे. शंभर कलमांच्या बागेतून हजार कलमांचा आंबा निघू लागला तर आता तो दिसेल. रद्दीची तारीख बघणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती पहिल्यांदाच काहीतरी खरं आलं आहे.

पण हा स्टिकर गाव सांगतो. आंब्यात साका असला तर ते तो सांगत नाही. हापूस बाहेरून निर्दोष, पिवळाधमक, वासाचा; कापला की कोयीभोवती गर पांढरट, कापसासारखा आणि आंबट. हा हापूसचा जुना विकार, आणि तो ओळखायला पार्माच्या हातोडीसारखं साधं हत्यार बागेत अजून नाही. सुरी लागते, आणि सुरी गिऱ्हाइकाच्या हातात असते. गिऱ्हाईक पूर्वी साका निघाला की शिवी घालायचं ती हवेत जायची. आता त्याच्या ताटाच्या कडेला सोललेला स्टिकर पडलेला असतो, आणि त्यावर आकडा आहे. त्या आकड्यावरून तो आंबा कुठल्या बागेतला हे संस्थेला कळू शकतं. एकाच बागेच्या आकड्यांवर पाच-पन्नास तक्रारी जमल्या तर त्या बागेचे पुढच्या हंगामाचे स्टिकर कमी करायचे, रोखायचे, की सोडून द्यायचं, हे ठरवायला सभासदच बसणार. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तोवर कोकणात आंबा संपून दीड-दोन महिन्यांहून जास्त दिवस लोटलेले असतात, बाहेर पाऊस असतो, आणि ज्याच्या बागेचा विषय निघायचा तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसलेला असतो.